दहा ओळींचा केसपेपर: जुनाट हिपॅटायटिस सीच्या उपचारावर एक भाष्य

उपोद्घात

आपल्याकडे भाष्य लिहायची एक ठरलेली रीत आहे. आधी मूळ पाठ द्यायचा, मग एकेक ओळ घ्यायची, तिच्याखाली अर्थ मांडायचा, वाचणाऱ्याच्या मनात येईल ती शंका उभी करायची आणि तिचे समाधान करायचे. ही रीत इथे एका केसपेपरला लावली आहे. जुनाट हिपॅटायटिस सीवरचा उपचार आज इतका आटोपशीर झाला आहे की तो दहा ओळींत मावतो. पण प्रत्येक ओळीमागे काही दशकांचे संशोधन, न्यायालयातले वाद आणि हजारो रुग्णांचे भोग आहेत. ते कळले नाहीत, तर रुग्ण एखादी ओळ सहज गाळतो, आणि कधी कधी डॉक्टरही गाळतात.

खालचा पाठ कुणा एका रुग्णाचा नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या उपचारपद्धतीप्रमाणे केसपेपरवर जे यायला हवे, ते क्रमाने मांडले आहे. या कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

भाष्यासाठी नाशिक जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे, त्याला कारण आहे. महाराष्ट्रभरच्या वैद्यकीय शिक्षणाचा कारभार पाहणारे, १९९८मध्ये स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे, म्हसरूळला आहे. त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’, आहे. आणि सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत मायलान कंपनीचा, म्हणजे आताच्या व्हियाट्रिसचा, औषधांचा कारखाना आहे. शिकवणे, उपचार करणे आणि औषध बनवणे ही तिन्ही कामे एका जिल्ह्यात चालतात. अशा जिल्ह्यात तरी या आजाराने कुणाचे यकृत निकामी होऊ नये, अशी अपेक्षा करणे रास्त आहे.

माझा सिद्धांत आधीच सांगतो. औषधाची ओळ या पाठात पाचवी आहे आणि ती आज जवळजवळ निर्दोष आहे. आपण कमी पडतो ते पहिल्या आणि दहाव्या ओळीत.

मूळ पाठ

१. अँटी-एचसीव्ही: रिअ‍ॅक्टिव्ह.
२. एचसीव्ही आरएनए: डिटेक्टेड.
३. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासले.
४. प्लेटलेट, एएसटी, एएलटी पाहून एपीआरआय व फिब-४ काढले. सिरॉसिस नाही.
५. सोफोस्बुविर ४०० मि.ग्रॅ. आणि डॅक्लाटास्विर ६० मि.ग्रॅ., रोज एकदा, १२ आठवडे.
६. सिरॉसिस असल्यास सोफोस्बुविर ४०० आणि वेल्पाटास्विर १००. पोटात पाणी झाले असल्यास सोबत रिबाव्हिरिन.
७. चालू असलेली सर्व औषधे विचारली.
८. दर २८ दिवसांनी औषध नेणे. गोळी चुकवू नये.
९. दारू बंद. ब्लेड, सुई, ब्रश वेगळे.
१०. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए.

ओळ १. अँटी-एचसीव्ही: रिअ‍ॅक्टिव्ह.

भाष्य. या ओळीचा अर्थ एवढाच की हिपॅटायटिस सीचा विषाणू कधीतरी शरीरात शिरला आहे आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत. तो अजून आत आहे की नाही, हे ही ओळ सांगत नाही.

ही साधी चाचणी शक्य व्हायलाच बरीच वर्षे गेली. १९७०च्या दशकात हार्वी ऑल्टर यांच्या लक्षात आले की रक्त दिल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ ए प्रकारची नाही आणि बी प्रकारचीही नाही. कारण मात्र सापडत नव्हते. १९८९मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूचा जनुकीय तुकडा शोधून काढला आणि त्यातून रक्ताची चाचणी तयार झाली. पुढे चार्ल्स राइस यांनी हा एकटा विषाणूच आजार घडवतो हे सिद्ध केले. या तिघांना २०२०चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतातल्या रक्तपेढ्यांत प्रत्येक पिशवीसाठी ही चाचणी सक्तीची झाली ती मात्र २००१-०२च्या सुमारास. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, त्या प्रत्येकाने ही तपासणी एकदा करून घ्यायला हवी.

शंका. मला कधी कावीळ झालेली नाही. मग मी का तपासावे?

समाधान. याच समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. विषाणू शिरल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्या ७० टक्क्यांत तो ठाण मांडतो. अशा जुनाट आजारात वीस वर्षांत १५ ते ३० टक्के लोकांना सिरॉसिस होतो, म्हणजे यकृताचा मऊ भाग जाऊन तिथे घट्ट व्रण तयार होतात. ही वीस वर्षे माणूस शेतात राबतो, कंपनीत पाळ्या करतो, मुलांची लग्ने लावतो. थोडा थकवा येतो, त्याला वय हे कारण मिळते. डोळे पिवळे होतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्यातही काही जण आधी हाताला चुना लावून कावीळ उतरवून घेतात किंवा नाकात थेंब टाकून घेतात. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय त्या उतरवण्याला जाते. सी प्रकाराला असल्या उपायांनी काहीही होत नाही, नुसता वेळ जातो.

तपासावे कुणी? डायलिसिसवर असलेल्या प्रत्येकाने. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमुळे वारंवार रक्त घ्यावे लागते त्यांनी; सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांत सिकलसेलची कुटुंबे आहेत, त्यांच्यासाठी ही ओळ फार महत्त्वाची आहे. सुईने नशा केलेल्यांनी. एकच सुई उकळून अनेकांना टोचण्याच्या काळात ज्यांनी इंजेक्शने घेतली त्यांनी. यात्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेल्यांनी. बाधित आईच्या मुलांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ५५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नाही.

हे काम होऊ शकते का, याचे उत्तर इजिप्तने दिले आहे. तिथे विसाव्या शतकात एका परजीवी रोगावरच्या सामूहिक इंजेक्शन मोहिमेतून हिपॅटायटिस सी देशभर पसरला होता. त्याच देशाने २०१८-१९मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची चाचणी केली आणि सापडलेल्यांवर सरकारी खर्चाने उपचार केले. औषध तेच होते, जे आपल्याकडेही आहे. त्यांनी पहिली ओळ मनावर घेतली, एवढाच फरक.

ओळ २. एचसीव्ही आरएनए: डिटेक्टेड.

भाष्य. विषाणू आज रक्तात आहे, हे सिद्ध करणारी ओळ ही. पहिली ओळ भूतकाळाबद्दल बोलते, दुसरी आजची स्थिती सांगते. दोन्ही मिळून निदान होते. पहिली एकटी पुरी पडत नाही.

पहिल्या चाचणीवरच थांबल्याने दोन प्रकारचा अन्याय होतो. ज्याच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून गेला आहे, त्याला ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असे सांगितले जाते आणि तो निरोगी असून रोगी म्हणून जगतो. आणि ज्याला खरोखर विषाणू आहे, त्याला ‘फक्त प्रतिपिंडे आहेत, काळजी नको’ म्हणून परत पाठवले जाते. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून बोलावणे आले, तर जाणे टाळू नये. तिथे सांगितलेली गोष्ट ही पहिली ओळ असते. दुसरी ओळ पुढे करून घ्यायचीच असते.

शंका. माझा व्हायरल लोड लाखांत आला, शेजाऱ्याचा हजारांत. म्हणजे माझे यकृत जास्त खराब?

समाधान. नाही. रक्तातली विषाणूंची संख्या आणि यकृताची हानी यांचा असा सरळ संबंध नसतो. हजारांत लोड असलेल्याला सिरॉसिस असू शकतो आणि लाखांत असलेल्याचे यकृत जवळजवळ धड असू शकते. उपचारापूर्वी या आकड्याचा उपयोग ‘आहे की नाही’ एवढे ठरवायला. हानी मोजायची ती चौथ्या ओळीत. विषाणूचा उपप्रकार कोणता, हेही आता आधी पाहण्याची गरज उरलेली नाही. भारतात तिसरा उपप्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि पाचव्या-सहाव्या ओळींतली औषधे सर्व उपप्रकारांवर चालतात. एक महागडी चाचणी वाचली, तसे उपचाराच्या वाटेवरचे एक दारही कमी झाले.

ओळ ३. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासले.

भाष्य. ओळ छोटी आहे, पण ती वगळणे धोक्याचे. बी आणि सी हे दोन विषाणू एकाच यकृतात असले, तर पुष्कळदा सी जोरात असतो आणि बी दबून राहतो. औषधाने सी नाहीसा झाला की दबलेला बी उसळू शकतो. अशा घटना नोंदल्या गेल्यावर ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावला. बी आढळला, तर त्याचे औषध जोडून घेता येते किंवा रुग्णावर बारीक लक्ष ठेवता येते. एचआयव्हीचे औषध चालू असेल, तर कोणते हे पाहावे लागते, कारण काही औषधांबरोबर डॅक्लाटास्विरची मात्रा बदलावी लागते आणि काहींबरोबर वेल्पाटास्विर देता येत नाही.

ओळ ४. एपीआरआय व फिब-४ काढले. सिरॉसिस नाही.

भाष्य. पूर्वी यकृताची हानी पाहायला यकृतात सुई घालून तुकडा काढावा लागे. आज साध्या रक्ततपासणीच्या आकड्यांवरून, कागद-पेन्सिलीने, कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी अंदाज बांधता येतो. या उपचाराचे लोकशाहीकरण खरे तर या ओळीने केले.

एपीआरआय असा काढतात: एएसटी या यकृताच्या विकराच्या आकड्याला प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेने भागायचे, त्याला प्लेटलेटच्या संख्येने (हजारांत) भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा, पन्नाशीच्या एका माणसाचा एएसटी ८० आहे, कमाल मर्यादा ४० आहे आणि प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे २५० हजार आहेत. ८० भागिले ४० म्हणजे २. २ भागिले २५०, गुणिले १०० म्हणजे ०.८. आता तोच एएसटी ठेवून प्लेटलेट एक लाखावर आणा. उत्तर येते २.०. आणि २.० किंवा त्याहून अधिक आले, की सिरॉसिस धरून चालायचे.

फिब-४मध्ये वयही येते: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ. त्याच माणसाचे दुसरे विकर, एएलटी, ६४ धरू, म्हणजे वर्गमूळ ८. प्लेटलेट अडीच लाख असताना ५० गुणिले ८० म्हणजे ४०००, भागिले २०००, उत्तर २.०. प्लेटलेट एक लाख असताना ४००० भागिले ८००, उत्तर ५.०. इथली सीमारेषा ३.२५.

शंका. दोन्ही गणितांत प्लेटलेटलाच एवढे वजन का?

समाधान. यकृत घट्ट झाले की त्यातून रक्त सहज वाहत नाही. मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करायला सांगणारा एक संप्रेरक यकृतातच बनतो, तोही कमी पडतो. म्हणून प्लेटलेट खाली येणे ही यकृताची तक्रार असू शकते. आपल्या गावाकडे प्लेटलेट कमी म्हटले की सर्वांना डेंग्यू आठवतो. ताप नसताना महिनोन्महिने प्लेटलेट कमी राहत असतील, तर यकृताकडे पाहावे.

ओळ ५. सोफोस्बुविर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६०, रोज एकदा, १२ आठवडे.

भाष्य. पाठाचा हा मध्य. इथे जरा थांबू.

या ओळीच्या जागी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या असत. उपप्रकाराप्रमाणे २४ किंवा ४८ आठवडे. दर इंजेक्शनला थंडी-ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्त कमी होणे, आणि मनावर असे मळभ की काही जण जगण्याला कंटाळत. इतके सोसूनही अनेकांचा विषाणू परत येई. सिरॉसिस पुढे गेलेल्यांना तर ते औषध देताच येत नसे. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच औषध नाही.

नव्या औषधांनी नेम धरला तो थेट विषाणूवर. हिपॅटायटिस सीचा विषाणू म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा. यकृताच्या पेशीत शिरल्यावर त्यापासून एक लांबलचक प्रथिन बनते आणि त्याचे तुकडे पडून दहा प्रथिने तयार होतात. त्यांतले एक, एनएस५बी, आरएनएच्या नव्या प्रती काढते. सोफोस्बुविर यकृताच्या पेशीत गेल्यावर खऱ्या अक्षरासारखे रूप घेते. एनएस५बी त्याला खरे समजून धाग्यात बसवते आणि तिथेच अडते. माळ ओवताना एका बाजूनेच भोक असलेला मणी हाती यावा, तसे. पुढचा मणी ओवताच येत नाही, प्रत अर्धवट राहते. डॅक्लाटास्विर दुसऱ्या प्रथिनाला, एनएस५ए-ला धरते. नव्या प्रती तयार होण्याच्या जागेची मांडणी आणि विषाणूची जुळणी, दोन्हीला हे प्रथिन लागते. दोन ठिकाणी एकाच वेळी अडवल्यामुळे विषाणूला रूप पालटून निसटायला वाव राहत नाही.

शंका. एचआयव्हीचे आणि हिपॅटायटिस बीचे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मग याचे तीन महिन्यांत कसे संपते?

समाधान. एचआयव्ही आपली प्रत माणसाच्या डीएनएत घुसवून ठेवतो. बी विषाणू पेशीच्या केंद्रकात टिकाऊ गोल रूपाने राहतो. सी विषाणूला असा लपायला कोपरा नाही. तो सगळा वेळ केंद्रकाबाहेर असतो आणि सतत नव्या प्रती काढत राहिला तरच टिकतो. प्रती थांबल्या, जुन्या मोडल्या, की तो संपतो. म्हणून इथे ‘नियंत्रण’ हा शब्द लागत नाही. रोग मुळातून बरा होतो.

आता पैशाची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय या ओळीचे भाष्य पुरे होत नाही. सोफोस्बुविर फार्मासेट या अमेरिकी कंपनीत मायकेल सोफिया यांच्या गटाने तयार केले; रेणूला त्यांचेच नाव मिळाले. गिलियड या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने ती सुमारे ११ अब्ज डॉलरला विकत घेतली. ६ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली आणि किंमत लागली एका गोळीला १,००० डॉलर, बारा आठवड्यांना ८४,००० डॉलर. सप्टेंबर २०१४मध्ये गिलियडने मायलान, सिप्ला, हेटेरो यांसह सात कंपन्यांना ९१ देशांसाठी हे औषध बनवायचा परवाना दिला. जानेवारी २०१५मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कायद्याच्या कलम ३(ड)चा आधार घेऊन एक महत्त्वाचा पेटंट अर्ज फेटाळला. जुन्या रेणूत थोडा बदल करून नवे पेटंट मागता येणार नाही, गुण वाढल्याचे दाखवावे लागेल, असे हे कलम सांगते. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठवले आणि मे २०१६मध्ये पेटंट मिळाले. पेटंटला विरोध करणाऱ्यांत औषध कंपनीबरोबर रुग्णांची संघटनाही होती, हे विसरू नये. मार्च २०१५मध्ये नॅटको या भारतीय कंपनीने २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपये छापील किमतीला बाजारात आणली. मग स्पर्धा सुरू झाली आणि किंमत घसरतच गेली. डॅक्लाटास्विरचा परवाना नोव्हेंबर २०१५मध्ये, गरीब देशांसाठी औषधांचे परवाने मिळवणाऱ्या मेडिसिन्स पेटंट पूलला मिळाला, आणि ही जोडी गरीब देशांच्या आवाक्यात आली.

मार्च २०१७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोफोस्बुविरच्या पहिल्या जेनेरिक गोळीला गुणवत्तेची पूर्वमान्यता दिली. ती होती मायलानची. ज्या कंपनीचे नाव सिन्नरच्या माळेगावात फाटकावर होते, तिची गोळी जगाने प्रमाण मानली. आपल्याकडचे औषध हलक्या दर्जाचे असणार, अशी शंका रुग्णाच्या मनात येते तेव्हा हे त्याला जरूर सांगावे.

ओळ ६. सिरॉसिस असल्यास वेल्पाटास्विर. पोटात पाणी झाले असल्यास सोबत रिबाव्हिरिन.

भाष्य. चौथ्या ओळीचे उत्तर इथे कामाला येते. सिरॉसिस आहे पण यकृत अजून काम ओढते आहे, अशांना डॅक्लाटास्विरऐवजी वेल्पाटास्विर, तेही बारा आठवडे. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, गुंगी येणे, कावीळ ही यकृत हरत चालल्याची लक्षणे. अशांना सोबत रिबाव्हिरिन दिले जाते. ते सोसत नसेल तर औषध २४ आठवडे चालते. असे रुग्ण मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांच्या नजरेखाली असावेत.

रिबाव्हिरिनबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. त्याने रक्त कमी होते, म्हणून हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा पाहावे लागते. आणि ते गर्भाला घातक आहे. स्त्री असो वा पुरुष, औषध चालू असताना आणि नंतर किमान सहा महिने दिवस राहू देता कामा नये. साध्या जोडीतही गरोदरपणी उपचार सुरू न करता बाळंतपणानंतर करतात. बाधित आईकडून बाळाला विषाणू जाण्याची शक्यता शंभरात पाच-सहा असते. स्तनाग्राला चीर नसेल, तर अंगावर पाजायला हरकत नाही.

ओळ ७. चालू असलेली सर्व औषधे विचारली.

भाष्य. या गोळ्यांचे स्वतःचे त्रास थोडे: डोके दुखणे, थकवा. अडचण येते ती दुसऱ्या औषधांशी गाठ पडल्यावर. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्या देत नाहीत. ते यकृताला इतके कामाला लावते की गोळीचा अंश रक्तात टिकत नाही. क्षयाचा उपचार आधी पुरा करतात. फिटच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, हेच करतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या अमिओडारोनबरोबर सोफोस्बुविर घेतल्यास ठोके धोकादायक इतके मंदावू शकतात. आणि पित्तावरच्या गोळ्या. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल आपल्याकडे रोजच्या चहासारखे घेतले जाते, आणि त्याने वेल्पाटास्विर नीट शोषले जात नाही. लोक याला औषध म्हणतच नाहीत, म्हणून नुसते ‘काही औषध चालू आहे का’ विचारून भागत नाही. ‘ॲसिडिटीची गोळी घेता का, वैद्याकडचे किंवा जडीबुटीचे काही घेता का’ असे नाव घेऊन विचारावे लागते.

ओळ ८. दर २८ दिवसांनी औषध नेणे. गोळी चुकवू नये.

भाष्य. प्रत्येक औषधाच्या तीन बाटल्या, ८४ गोळ्या. गोळी जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, फरक पडत नाही. त्यामुळे एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांत अडचण नाही. मालेगावात रमजानचे रोजे धरणाऱ्यालाही सेहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. वेळ एक ठेवावी. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे भात काढून झाला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे कामाला उतरतात. एखाद्या शेतमजुराने जूनच्या आरंभी औषध सुरू केले, तर ऑगस्टअखेर गोळ्या संपतात आणि दहाव्या ओळीची तपासणी येते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, जेव्हा तो गावातच नसतो. म्हणून पहिली बाटली देताना विचारायला हवे: दिवाळीनंतर तुम्ही कुठे असाल? पुढची तपासणी त्या तालुक्यात लावून द्यावी. यंत्रणेने माणसाच्या हंगामाशी जुळवून घ्यावे. मजूर बागेची छाटणी पुढे ढकलू शकत नाही.

ओळ ९. दारू बंद. ब्लेड, सुई, ब्रश वेगळे.

भाष्य. दारू यकृताच्या व्रणांना वेग देते, म्हणून ती बंद.

शंका. सुटत नसेल तर उपचार मिळणार नाही?

समाधान. मिळायला हवा. दारू किंवा नशा सुटलेली नाही, एवढ्या कारणाने औषध नाकारावे असे शास्त्र सांगत नाही. गोळ्या त्याच्यातही काम करतात. व्यसन सोडवायची मदत आणि गोळी बरोबरीने चालाव्यात.

हा विषाणू रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका घरात राहिल्याने पसरत नाही. रुग्णाचे भांडे वेगळे काढणाऱ्या घराला हे ठणकावून सांगावे. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, नेलकटर, दाताचा ब्रश, सुई. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. रामकुंडावर त्या दिवसांत होणाऱ्या मुंडनांत दर डोक्याला नवे ब्लेड, एवढा एक नियम काटेकोर पाळला जावा. या आजारावर लस नाही. अशी साधी शिस्तच तिच्या जागी आहे.

ओळ १०. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए.

भाष्य. गोळ्या संपल्या त्या दिवशी रक्तात विषाणू दिसत नाही, पण त्याला अजून बरे होणे म्हणत नाहीत. औषधाचा पहारा उठल्यावर बारा आठवडे विषाणू परतला नाही, तरच माणूस बरा झाला. या कसोटीला उतरलेल्यांत तो नंतर परतणे अतिशय विरळ आहे.

पंजाबने २०१६पासून जिल्हा रुग्णालयांतून हा उपचार मोफत दिला. सुमारे ४८ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यांत बहुतेक ग्रामीण होते. ही शेवटची तपासणी केलेल्यांत ९१ टक्क्यांहून अधिक बरे झाले होते. हे बहुतांशी जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या हातून झाले. नाशिकला तेच करता येईल, यात शंका घ्यायला जागा नाही.

शंका. मला बरे वाटते आहे, गोळ्या पुऱ्या केल्या. मग ही तपासणी कशाला?

समाधान. कारण आधीही तुम्हाला बरेच वाटत होते. या आजारात बरे वाटणे हा पुरावा नाही. शंभरात काही जणांचा विषाणू परततो आणि त्यांच्यासाठी दुसरी औषधयोजना आहे, पण ती तपासल्याशिवाय सुरू होणार कशी?

बरे झालेल्याने तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिल्या ओळीची चाचणी पुढेही बहुधा रिअ‍ॅक्टिव्हच येत राहील, त्याने घाबरू नये. दहाव्या ओळीचा कागद मात्र जपून ठेवावा. एकदा बरे झाले म्हणून कवच मिळत नाही, दूषित सुईने पुन्हा लागण होऊ शकते. आणि ज्याला सिरॉसिस झालेला होता, त्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावी, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण पुसला जात नाही.

उपसंहार

भाष्यातून जे निघते ते जिल्ह्यापुरते मांडतो. डायलिसिसच्या प्रत्येक केंद्रात आणि सिकलसेलच्या प्रत्येक नोंदवहीत पहिली ओळ लिहिलेली असावी. रक्तपेढीने बोलावलेल्या दात्याला दुसऱ्या ओळीपर्यंत हाताला धरून न्यावे. आरोग्य विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला चौथ्या ओळीचे गणित तोंडपाठ असावे. आणि पहिली बाटली हातात देताना दहाव्या ओळीची तारीख व ठिकाण केसपेपरवर लिहून द्यावे. यांतल्या कुठल्याही कामाला नवा शोध लागत नाही की मोठी इमारत लागत नाही. जुनाट आजारांत मुळापासून बरे होणारे आजार बोटांवर मोजण्याइतके. हा त्यांतला एक आहे, आणि त्याचे औषध मोफत आहे. अशा आजाराने माणूस मरतो तेव्हा तो विषाणूइतकाच आपल्या दुर्लक्षाने मरतो. तुम्ही वर सांगितलेल्या कोणत्याही गटात बसत असाल, तर सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन नाव घेऊन ही चाचणी मागा.